लाईट शालीपाशीच थांबला

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलणं बऱ्यापैकी जसंच्या तसं ठेवलं आहे. अडखळणं आणि दर वाक्यातलं 'म्हणजे' तेवढं कमी केलं आहे.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय 28, बीटेक कॉम्प्युटर. दिवसा बँकांसाठीच्या ॲपचं मागचं काम बघतो. तुमच्या खात्यातून पैसे कापले जातात पण समोरच्याला पोचत नाहीत ना, त्या भानगडी माझ्याकडे येतात. संध्याकाळी साडेसातनंतर मात्र मी पुण्यातल्या एका नाटकाच्या ग्रुपबरोबर असतो. कॉलेजात एकांकिकेच्या वेळी लाईटला कोणी मिळेना म्हणून मला बोर्डावर बसवलं होतं. तिथून जे लागलं ते सुटलं नाही.

आज मला एका लाईटबद्दल बोलायचंय. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती कोडमधली नाही. कोड बरोबर चालत होता, तोच प्रॉब्लेम होता.

आमचं एक नाटक आहे. जवळजवळ रिकामा रंगमंच, एक खुर्ची, आणि मुख्य भूमिकेत आमची ताई. ती वयानं आणि अनुभवानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, त्यामुळे सगळेच ताई म्हणतो. दुसऱ्या अंकात चौदा-पंधरा मिनिटांचा एक प्रवेश आहे. त्यात ती आता पाडून टाकलेल्या घरातून फिरते. भिंती नाहीत, दारं नाहीत, ती फक्त चालते, थांबते, बोलते. आमच्या दिग्दर्शकाला तिथे समोरचा प्रकाश नको होता. त्याला हवा होता मागून आणि वरून येणारा प्रकाश. खांद्याची कड दिसेल, केस दिसतील, चेहरा अर्धा अंधारात. आणि तो प्रकाश तिच्याबरोबर चालला पाहिजे.

आता, नटाबरोबर चालणारा प्रकाश ही काही नवीन गोष्ट नाही. फॉलो स्पॉट तुम्ही पाहिलाच असेल. बाल्कनीच्या मागे स्टँडवर एक मोठा दिवा आणि तो हातानं फिरवणारा माणूस. याचं मूळ चुन्यात आहे. एकोणिसाव्या शतकात चुन्याचा गोळा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवायचे, तो पांढराशुभ्र उजळायचा. 1837 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला तो नाटकात वापरला गेला. आपण 'लाइमलाइटमध्ये येणं' म्हणतो ते हेच, तो लाइम म्हणजे खाण्याच्या पानाला लावतात तोच चुना. ब्रिटिश नाट्यगृहांत फॉलो स्पॉटला आजही 'लाइम' म्हणतात.

आमच्याकडे हे काम काका करायचे. दिवसा वायरिंगची कामं घेतात आणि रात्री प्रयोग. त्यांचा फॉलो म्हणजे दोन हजार वॉटचा जुना दिवा. त्याच्यामागे अर्धा तास उभं राहिलात तर शर्ट पिळून घ्यावा लागतो. पण बाल्कनीतून येणारा प्रकाश समोरूनच येणार. रंगमंचाच्या मागच्या बाजूला, पडद्याच्या वर, बारवर काही माणूस बसवता येत नाही. तिथे फिरता लाईटच लागतो. मूव्हिंग हेड. आपल्याकडे भाड्यानं देणारे बरेच जण सगळ्याच फिरत्या लाईटना 'शार्पी' म्हणतात. खरा शार्पी हा बारीक झोताचा एक विशिष्ट लाईट आहे आणि नाटकातल्या माणसाच्या अंगावर तो टाकला तर पोलिसांनी पकडल्यासारखं दिसतं. आम्हाला मऊ कडेचा, आयरिस असलेला स्पॉट हवा होता. तो मिळेपर्यंत तीन दुकानांतून तीन वेगळे शार्पी बघून झाले.

मग प्रश्न आला की याला चालवायचं कसं. गाण्याच्या कार्यक्रमात सोपं असतं, जागा आधी ठरवून ठेवायच्या आणि बटण दाबलं की लाईट तिथे जातो. पण ताई दर प्रयोगाला तंतोतंत त्याच जागी येईल असं नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही. तेव्हा मी, अर्थातच, म्हटलं, "हे मी सॉफ्टवेअरनं करतो."

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. रंगमंचावरचे लाईट डीएमएक्स 512 नावाच्या भाषेत ऐकतात. यूएसआयटीटी या अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेनं ती 1986 साली ठरवली. एका तारेवर 512 चॅनल, प्रत्येक चॅनलवर 0 ते 255 मधला एक आकडा. एवढंच. फिरत्या लाईटला आडवं फिरायला एक चॅनल, म्हणजे पॅन, आणि वर-खाली व्हायला एक, टिल्ट. आता बघा, पॅन साधारण 540 अंश फिरतो. त्याचे 256 भाग केले तर एक भाग दोन अंशांहून जास्त. दहा मीटरवर तो होतो जवळपास 37 सेंटिमीटर. म्हणजे लाईट चालणार नाही, बेडकासारख्या उड्या मारणार. म्हणून प्रत्येक हालचालीला दोन चॅनल देतात, एक ढोबळ आणि एक बारीक. मग 65,536 भाग होतात आणि तीच उडी दीड मिलिमीटरच्याही आत येते.

ताई कुठे आहे हे कळण्यासाठी मी रेडिओ टॅग घेतले. अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात त्याला. काडेपेटीएवढा टॅग नटाच्या अंगावर, चार कोपऱ्यांत चार खुंट्या. टॅगपासून खुंटीपर्यंत लहर जायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि अंतरांवरून जागा. मी घेतलेला टॅग सेकंदाला दहा वेळा जागा सांगायचा, साधारण दहा सेंटिमीटरच्या फरकानं. शरीर मधे आलं की फरक वाढतो, कारण माणूस म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी ही लहर खाऊन टाकतं.

जागा कळली की पुढचं अकरावीचं गणित आहे. लाईट इथे, ताई तिथे, कोन काढा. फक्त 'लाईट इथे' हेच आपल्याला माहीत नसतं! आमच्या नाटकांचे दौरे असतात. आज हे नाट्यगृह, उद्या दुसरं. साडेबाराचा प्रयोग संपवून कोणीतरी सेट काढत असतो आणि आमचा साडेपाचचा असतो. बार किती उंचीवर आहे, लाईट किती तिरका टांगलाय, हे टेप घेऊन मोजत बसायला वेळ कोणाकडे आहे? मग मी असं केलं. रंगमंचावर चार ठरलेल्या जागी चिकटपट्टीच्या फुल्या. लाईट हातानं एकेका फुलीवर आणायचा आणि पॅन-टिल्टचे आकडे नोंदवायचे. लाईटबद्दल आपल्याला सहा गोष्टी माहीत नाहीत, तीन जागेच्या आणि तीन तिरकेपणाच्या. चार फुल्या आठ आकडे देतात. त्यातून उरलेलं प्रोग्राम काढतो. पाच मिनिटांत काम. याचा मला अजूनही अभिमान आहे, उगीच खोटं कशाला बोला.

पहिल्या तालमीत लाईट तिच्या बरोबर डोक्यावर टांगला होता. ती खालून गेली की लाईट वेड्यासारखा गर्रकन फिरायचा. कारण सरळ खाली बघणाऱ्याला दिशा नसते. ती इंचभर अलीकडे असताना पॅन शून्यावर आणि इंचभर पलीकडे गेली की 180 वर. दोन रात्री मी यावर कोड लिहिला. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "अरे, मागच्या बारवर टांग ना." टांगला. सुटला प्रश्न. मग ती पुढे आली की झोत पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जायला लागला, तेव्हा रंगमंचाच्या काठाजवळ प्रकाश आपोआप मंद होईल असं केलं.

उशीर हा खरा शत्रू. टॅगचा दहावा भाग सेकंद, आकडे गुळगुळीत करण्यात थोडा, तारेत थोडा, मोटरला थोडा. सगळं मिळून पाव सेकंद धरा. माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणजे लाईट एक फूट मागे. मग आपण अंदाज बांधतो, ती या वेगानं या दिशेला चाललीय, तर पाव सेकंदानंतर कुठे असेल? तिथे लाईट टाका. चालताना हे झकास चालतं. पण ती थांबली की लाईट फूटभर पुढे जातो आणि ओशाळून परत येतो. मालकाच्या पुढे पळालेलं कुत्र्याचं पिल्लू येतं ना, तसा.

आणि नाटकात थांबणं फार असतं. चालण्यापेक्षा थांबणंच जास्त महत्त्वाचं असतं.

काकांचा लाईट असा पुढे जाऊन परत कधीच यायचा नाही. मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कसं कळतं ती थांबणार? ते म्हणाले, "कळायचं काय त्यात? 'आणि बाबा' म्हटलं की थांबते ती." म्हणजे ते तिच्या वेगावरून अंदाज बांधतच नव्हते. त्यांना नाटक पाठ होतं. माझ्या प्रोग्रामला फक्त मागचं एक सेकंद माहीत होतं. हे मला तेव्हा ऐकू आलं, पण पोचलं नाही. मी आकडे अजून थोडे गुळगुळीत केले, अंदाज थोडा कमी केला, आणि तालमीत चांगलं दिसायला लागलं.

आणि मग मी ग्रुपच्या मीटिंगमध्ये सांगितलं की आता फॉलोसाठी वेगळा माणूस लागणार नाही, दर प्रयोगाला 2000 रुपये वाचतील. हे वाक्य माझं होतं. कोणी मला सांगायला लावलं नव्हतं. प्रायोगिक नाटकाच्या हिशोबात दोन हजार म्हणजे टेम्पोच्या भाड्याचा बराचसा भाग, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना फोनही मीच केला. ते म्हणाले, "बरं. चालेल." आणि मग, "मागच्या बारला सेफ्टी चेन लाव हां."

टॅग कुठे लावायचा यावर बरीच चर्चा झाली होती. ब्लाउजला मागे लावला तर टोचतो, घामानं भिजतो. नाटकभर तिच्या खांद्यावर एक शाल असते. वेशभूषा बघणाऱ्या मैत्रिणीनं शालीच्या काठात छोटा खिसा शिवला. टॅग खांद्यावर उंच राहतो, शरीर मधे येत नाही. एकदम आदर्श जागा. तालमींमध्ये ती शाल कधी उतरली नव्हती.

पुण्याबाहेरचा प्रयोग होता. एसी बंद पडलेला, एप्रिल. दुसरा अंक. ताई चालत खुर्चीपाशी आली आणि तिनं शाल काढली. उकडत होतं म्हणून काढली की त्या क्षणी तिला तसं वाटलं, मला माहीत नाही. पण तिनं ती अशी काढली की कोणाच्या तरी अंगावर पांघरतोय, आणि खुर्चीवर ठेवली. आणि पुढे निघाली.

लाईट खुर्चीवर थांबला. अजिबात न हलता. इतका स्थिर तो आजवर कधीच राहिला नव्हता.

ती अंधारात बोलत होती. मी मागे लॅपटॉपसमोर. आणि माझ्या स्क्रीनवर दोनच बटणं होती, 'चालू' आणि 'बंद'. बंद केलं तर पूर्ण काळोख. हातानं लाईट हलवायची सोय मी ठेवलीच नव्हती, कारण लागणार नव्हती. बँकेच्या कामात आम्ही असं काही बनवलं तर आमचे साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील की हे अडकलं तर माणूस हात कुठे घालणार? तिथे मी हे रोज पाळतो. इथे विसरलो.

तीस-चाळीस सेकंद गेली असतील. मग ताई बोलत बोलतच वळली, खुर्चीपाशी परत आली, शाल उचलून खांद्यावर घेतली आणि पुढचं वाक्य घेतलं. लाईट निघाला तिच्याबरोबर. बाकी प्रयोग नीट झाला.

नंतर मेकअप रूमच्या बाहेर एक प्रेक्षक गृहस्थ आले. म्हणाले, "ती रिकामी खुर्ची प्रकाशात आणि बाई अंधारात, काय कल्पना आहे हो! लाईट कोणाचे?" मी म्हटलं, "माझे." आणि हसलो. थँक्यू पण म्हणालो. ताई मागे चेहरा पुसत उभी होती, हे मला नंतर दिसलं.

ती रागावली नाही. मी तिला विचारलं, तुला कळलं कसं? ती म्हणाली, "सावली गेली. मागून लाईट असला की माझी सावली पुढे जमिनीवर पडते. ती दिसेना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अंधारात बोलायला माझी हरकत नाही रे. पण मी अंधारात आहे हे मला माहीत हवं. समोरचा फॉलो डोळ्यांत येतो, तेवढं कळतं. हा तुझा पाठीवरचा कळतच नाही. ऊबसुद्धा लागत नाही त्याची."

एलईडी आहे, ऊब कुठून लागणार! तोपर्यंत ऊब नसणं हा माझ्या यादीत फायदा होता.

दुसऱ्या रविवारी मी काकांकडे गेलो. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा चार शब्द ऐकवतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पैसे तेवढेच ना?" मी म्हटलं तेवढेच. "मग दाखव काय ते."

पहिल्यांदा मी त्यांना गेम खेळायची जॉयस्टिक दिली. पाच मिनिटांत त्यांनी ती खाली ठेवली. "याला वजनच नाही. हात कुठे आहे ते कळत नाही." बरोबर होतं. जॉयस्टिक वेग सांगते, फॉलो स्पॉट जागा सांगतो. हात तिथे तर लाईट तिथे.

म्हणून आम्ही असं केलं. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचं जाड तेल भरलेलं डोकं असतं, जे मऊ पण जड फिरतं, ते जुनं मिळवलं. त्यावर दीड फुटाचा पाईप, बंदुकीच्या नेमासारखा. दोन्ही अक्षांवर एन्कोडर, म्हणजे किती फिरलं ते मोजणारी चकती. हे तिकाटणं बाल्कनीत, काकांचा जुना फॉलो जिथे असायचा तिथेच. काका पाईपमधून ताईकडे बघतात. पाईपची रेघ रंगमंचावर छातीच्या उंचीला जिथे पोचते, तो बिंदू प्रोग्राम काढतो. आणि मग मागच्या बारवरचा लाईट त्या बिंदूवर वळवतो. एकच लाईट असं नाही, चार असतील तर चारही. ती बसली की उंची कमी करायला अंगठ्यापाशी एक चक्री आहे.

पहिल्या दिवशी आडवं बरोबर यायचं पण पुढे-मागे लाईट डुगडुगायचा. पंधरा मीटरवरून इतक्या तिरप्या रेषेनं बघताना पाईप कणभर हलला तरी रंगमंचावर वीतभर फरक पडतो. एन्कोडरला दातेरी पट्टा लावून माप चौपट बारीक केलं, तेव्हा बसलं. पट्टा काकांनी आणला, जुन्या प्रिंटरमधला.

टॅग मी फेकला नाही. तो आता ब्लाउजला मागे शिवलेला असतो, टोचू नये म्हणून कापसाच्या गादीत. माझ्या 'आदर्श जागे'पेक्षा फरक जास्त येतो, पण तो आता लाईट चालवत नाही. काकांचा बिंदू आणि टॅगची जागा हातभर अंतरात असतील तर रंगमंचाच्या काठावर, फक्त ताईला दिसेल असा, एक मिणमिणता पिवळा दिवा लागतो. हरभऱ्याएवढा. लाईट तिच्यावर असला की दिवा लागलेला, नसला की विझलेला.

शाल काढणं नाटकात राहिलं. दिग्दर्शकाला ते आवडलं. आता एक लाईट खुर्चीवर राहतो आणि काका ताईबरोबर पुढे जातात. त्या प्रेक्षक गृहस्थांना कोणीतरी खरं सांगायला हवं, पण त्यांचं नावही विचारलं नव्हतं मी.

अडचणी आहेतच. एकदम दोघांना फॉलो करायचं असेल तर दोन पाईप आणि दोन काका लागतात. लाईटचा पंखा शांत प्रवेशात ऐकू येतो, अर्थात तेव्हा कोणाचा तरी मोबाईलही वाजतोच.

आणि काका नसतील तर? मागच्या प्रयोगाला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. पाईप मी धरला. मला वाटत होतं, सगळा प्रोग्राम माझाच आहे, त्यात काय. 'आणि बाबा' मला माहीत होतं, तिथे बरोबर थांबलो. पण त्याच्या पुढच्या वळणावर ती डावीकडे निघाली आणि मी अजून खुर्चीपाशीच. बाल्कनीतून मला दिसलं, तिनं मान किंचित खाली केली, काठावरच्या दिव्याकडे पाहिलं, आणि ती थांबली. वाक्याच्या मधेच. मी घाईघाईत पाईप फिरवला. दिवा लागला असावा, कारण ती पुढे बोलायला लागली.

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.